खाते तुमच्या नावाचे, किल्ली दुसऱ्याच्या खिशात



जिल्ह्याच्या बैठकीत कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी, कर्ज, वीजबिल हे विषय ठरलेले. या वेळी त्यांच्या जोडीला एक असा विषय घेतला आहे की पत्रिका हातात पडताच काही जण हसतील. विषय आहे फोनवरच्या ई-मेल खात्याचा. "पऱ्हाटीवर बोंडअळी पडली आणि तुम्ही ई-मेल काय सांगत बसलात?" असे कोणी विचारील. त्याने आधी हे पान शेवटपर्यंत वाचावे, मग खुशाल विचारावे.

तुमच्या खिशातला फोन तुमच्या पैशाने घेतलेला आहे. त्याच्यात एक ई-मेल खाते आहे. असलेच पाहिजे, कारण अँड्रॉइड फोनवर त्या खात्याशिवाय प्ले स्टोअर उघडत नाही आणि प्ले स्टोअर उघडल्याशिवाय सरकारी अ‍ॅप सरळ मार्गाने फोनमध्ये येत नाही. आता तीन प्रश्नांची उत्तरे द्या. त्या खात्याचा पत्ता काय? त्याचा पासवर्ड काय? पासवर्ड विसरला तर नव्यासाठीचा ओटीपी कोणाच्या मोबाईलवर जातो?

उत्तरे कशी येतात ते आपल्याला माहीत आहे. "मोबाईलच्या दुकानात टाकून दिले होते." "भाच्याने केले, तो पुण्याला असतो." "केंद्रावरच्या पोराला ठाऊक आहे." याचा अर्थ एवढाच की खाते आपल्या नावाचे आहे आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे. काट्यावर दोन किलो कमी दाखवले तर आपण व्यापाऱ्याची गचांडी धरतो. ग्रेडरने ओलाव्याचे कारण सांगून भाव पाडला तर गाडी आडवी लावतो. आणि इथे घराचे दार उघडायला दुसऱ्याला बोलवावे लागते, त्याचे आपल्याला काहीच वाटत नाही.

कोऱ्या कागदावरचा अंगठा

ही सवय नवी नाही. आपल्या आज्या-पणज्याने सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला. कागदात काय लिहिले ते सावकाराला ठाऊक, किती फेडले ते सावकाराच्या वहीत, आणि कागद सावकाराच्या तिजोरीत. कुणब्याच्या घरी काय? काहीच नाही. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावापासून दख्खनचे शेतकरी उठले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत लोण पसरले. त्यांनी सावकारांच्या घरांतून काय मागितले? त्यांनी मुख्यतः कर्जरोखे आणि हुकूमनाम्याचे कागद मागितले आणि हाती लागले ते जाळले. त्या दंग्याच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला, त्यालाही हे नमूद करावे लागले. पुढे 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात कर्जाचे कागद गावच्या निबंधकासमोर करावेत, सावकाराने पावती द्यावी, हिशेब द्यावा, असे लिहावे लागले.

ध्यानात घ्या. त्या अडाणी समजल्या गेलेल्या शेतकऱ्याला एक गोष्ट पक्की कळली होती. कागद ज्याच्या ताब्यात, माणूस त्याच्या ताब्यात. आज कागदाची जागा खात्याने घेतली आहे. आणि आपण शाळा शिकलेली पोरे घरात असताना खाते दुसऱ्याच्या हवाली करून मोकळे होतो.

हमीभावाचे दार

हे काही शहरी थेर नाही. 2025-26 च्या हंगामाचेच पाहा. लांब धाग्याच्या कापसाला 8110 रुपये आणि मध्यम धाग्याला 7710 रुपये क्विंटल असा हमीभाव जाहीर झाला. भाव पुरेसा होता का, हा वेगळा विषय आहे, त्यावर बैठकीत बोलायचेच आहे. पण तो भाव घ्यायचा तर काय अट आली? भारतीय कापूस महामंडळाने त्या हंगामासाठी 'कपास किसान' नावाचे अ‍ॅप काढले. त्यात शेतकऱ्याने स्वतः नोंदणी करायची, आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी घ्यायचा, जमिनीचा कागद आणि कापसाचा पेरा दाखवायचा, आणि मग केंद्रावर माल आणण्याची तारीख घ्यायची.

या अ‍ॅपला ई-मेल लागत नाही, हे खरे. पण अ‍ॅप फोनमध्ये उतरवायला प्ले स्टोअर लागते आणि प्ले स्टोअरला खाते लागते. खात्याचा पासवर्ड दुकानदाराकडे आणि दुकानदार लग्नाला गेलेला, तर नोंदणी कोण करणार? शेवटची तारीख दुकानदारासाठी थांबत नाही. मग आपण निघतो केंद्रावर. तिथे रांग. तिथे शंभर-दोनशे रुपये. तिथे "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." कापूस घरात भरलेला, घरची माणसे त्याच्याशेजारी झोपतात, आणि तोवर खेडा खरेदीवाला दारात येऊन उभा असतो. त्याला ना अ‍ॅप लागते ना पासवर्ड. तो हमीभावापेक्षा हजाराने कमी बोलतो आणि आपण काटा लावू देतो. ती हजाराची खोट कोणत्या खात्यावर लिहायची?

ज्वारीवाल्यांनी आपण सुटलो असे समजू नये. त्याच हंगामासाठी संकरित ज्वारीला 3699 आणि मालदांडीला 3749 रुपये भाव जाहीर झाला होता. ई-पीक पाहणी 2021 च्या 15 ऑगस्टपासून राज्यभर फोनवरच्या अ‍ॅपवर आली. पाहणीत पीक चढले नाही की सातबारा कोरा, आणि सातबारा कोरा की खरेदी नाही, मदत नाही. म्हणजे पीक वावरात उभे असून भागत नाही, ते फोनमध्येही उभे करावे लागते. हे बरे की वाईट, यावर वाद घालू. पण वाद संपेपर्यंत फोनची किल्ली आपल्याकडे हवी.

तुमच्या नावाने कोण बोलते?

किल्ली दुसऱ्याकडे असली की काय होते, ते एक रुपयाच्या पीकविम्याने दाखवून दिले. 2023 च्या खरिपापासून शेतकऱ्याने एक रुपया भरायचा, बाकीचा हप्ता सरकार भरणार, अशी योजना राज्यात आली. अर्ज भरायचे सेवा केंद्रावरून. केंद्रचालकाला दर अर्जामागे विमा कंपनीकडून चाळीस रुपये. एका रुपयापेक्षा जास्त घेऊ नका असे सरकार बजावत होते, प्रत्यक्षात आपण किती दिले ते ज्याचे त्याला ठाऊक. पुढे काय उघडकीस आले? दुसऱ्याच्या जमिनीवर अर्ज, सरकारी जमिनीवर अर्ज, न पेरलेल्या पिकांवर अर्ज. बोगस अर्जांची ओरड झाली, काही केंद्रांवर कारवाई झाली, आणि 2025 च्या खरिपापासून एक रुपयाची योजनाच गुंडाळली गेली. बदनाम कोण झाला? शेतकरी. वर्तमानपत्रात छापून आले, शेतकऱ्यांनी विमा लुटला. ज्यांच्या नावावर अर्ज पडले त्यातल्या कितीतरी जणांना आपल्या नावाने काय भरले गेले याचा पत्ता नव्हता, कारण पोच कधी त्यांच्या हाती आलीच नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. केंद्रावर बसणारा पोरगा आपल्याच गावचा आहे. त्यालाही शेती परवडली नाही म्हणून तो संगणकासमोर बसला आहे. सगळेच केंद्रचालक लबाड आहेत असे म्हणणारा माणूस खोटे बोलतो. कित्येकांनी पदरचे जेवण सोडून रात्री बारापर्यंत आपले अर्ज भरले आहेत. भांडण त्याच्याशी नाही. दोष त्या व्यवस्थेचा आहे, जी 'डिजिटल' म्हणून मिरवते आणि शेतकऱ्याच्या हातात साधी पोचही पडू देत नाही. अर्जात ई-मेलचा रकाना असतो, तिथे केंद्रचालक स्वतःचा पत्ता टाकतो, कारण शेतकऱ्याकडे पत्ताच नसतो. मग मंजुरी आली, नामंजुरी आली, त्रुटीचे पत्र आले, सगळे केंद्रचालकाच्या पेटीत. शेकडो शेतकऱ्यांची पत्रे एका पेटीत जाऊन पडतात. तो तरी कोणाकोणाला शोधत फिरणार?

तोंडी गेले वाऱ्यावर

आपली सारी तक्रार तोंडी. तलाठ्याला तोंडी सांगितले, कृषी सहायकाला तोंडी सांगितले, बियाणेवाल्याला दुकानात जाऊन शिव्या दिल्या. सहा महिन्यांनी साहेब विचारतो, "पुरावा काय?" आपण म्हणतो, "तेव्हाच सांगितले होते." साहेब म्हणतो, "कोणाला?" विषय संपला.

ई-मेलची खरी ताकद इथे आहे. त्यावर तारीख पडते, वेळ पडते, कोणी कोणाला काय लिहिले ते राहते. जो कागद लेखी असावा असे कायदा म्हणतो, तो इलेक्ट्रॉनिक रूपात असला आणि पुन्हा पाहता येत असला तरी लेखी धरावा, असे माहिती तंत्रज्ञानाच्या 2000 च्या कायद्यात कलम 4 मध्ये लिहिले आहे. कोर्टात दाखवताना त्याला प्रमाणपत्र जोडावे लागते, ते वकील पाहून घेईल. पण मूळ मेल तुमच्या खात्यात आणि तुमच्या ताब्यात असला पाहिजे.

बियाण्याचेच घ्या. 2012 साली राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक मंचात जाऊ शकतो. तपासणीसाठी बियाणे शिल्लक ठेवले नाही म्हणून त्याला हाकलता येत नाही, कारण शेतकरी घेतलेले बियाणे सगळे पेरून टाकतो. निकाल आपल्या बाजूचा आहे. पण बियाणे कोणाकडून घेतले, कोणत्या लॉटचे घेतले, हे तर दाखवावे लागते ना? पावती कुठे असते? सदऱ्याच्या खिशात, आणि सदरा धुण्यात. पिशवी कुठे असते? धुऱ्यावर फाटून पडलेली.

म्हणून बियाणे आणले त्याच दिवशी पावतीचा आणि पिशवीवरच्या लॉट नंबरच्या चिठ्ठीचा फोटो काढा आणि स्वतःच्या ई-मेलवर स्वतःलाच पाठवा. फोन विहिरीत पडला, बॅटरी फुगली, पोराने फोडला, तरी तो मेल राहतो. दुसऱ्या फोनवर खाते उघडले की पावती समोर. उगवण झाली नाही तर तोच मेल पुढे तालुका कृषी अधिकाऱ्याला पाठवा आणि तक्रार निवारण समितीची पाहणी मागा. अर्ज हातानेही द्या, शिक्का घेतलेली प्रत ठेवा, आणि मेलही करा. एक कागद गहाळ झाला तरी दुसरा बोलेल.

माहितीचा अधिकारही तसाच. 2005 च्या कायद्याच्या कलम 6 प्रमाणे अर्ज लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने करता येतो. महाराष्ट्र शासनाचे त्यासाठी संकेतस्थळ आहे, दहा रुपये तिथेच भरता येतात आणि तीस दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. तालुक्याला जाण्यायेण्याचे एस.टी.चे भाडे आणि एका दिवसाची मजुरी वाचते. साहेब जागेवर नाहीत, हे ऐकायला लागत नाही.

ई-मेलने भाव वाढत नाही, हे आम्हालाही कळते. विम्याचा किंवा खरेदीचा ठरलेला अर्ज जिथे भरायचा तिथेच भरावा लागतो, मेल हा त्याला पर्याय नाही. पण आपण बोललो होतो, याचा पुरावा आपल्या हाती राहतो. इतकी वर्षे तोच आपल्याकडे नव्हता.

आपल्या हाताने करायचे

आता कामाचे. हे सगळे पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे. सेटिंग्जमध्ये फोनची भाषा मराठी करून घ्या म्हणजे निम्मी भीती जाते. नावे फोनागणिक थोडी वेगळी दिसतील, घाबरू नका.

आधी पाहा, फोनमध्ये कोणाचे खाते आहे. प्ले स्टोअर उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या गोलावर बोट ठेवा. तिथे पत्ता दिसेल. तो तुमच्या नावाचा आहे का? असेल आणि पासवर्ड ठाऊक नसेल, तर खाते व्यवस्थापनात सुरक्षेच्या पानावर जाऊन पासवर्ड बदला. जुना मागितला तर 'पासवर्ड विसरलात' हा मार्ग घ्या. त्याच पानावर खाते परत मिळवण्यासाठीचा मोबाईल नंबर आणि ई-मेल दिसतो. तिथे दुकानदाराचा किंवा भाच्याचा नंबर असेल तर काढा आणि स्वतःचा घाला. नुसता पासवर्ड बदलून हा नंबर तसाच ठेवणे म्हणजे दाराला नवे कुलूप लावून खिडकी उघडी ठेवणे.

खाते दुसऱ्याच्याच नावाचे निघाले किंवा हाती येतच नसेल, तर नवे काढा. सेटिंग्जमध्ये 'खाती', तिथे 'खाते जोडा', तिथे 'गूगल', आणि मग 'खाते तयार करा', स्वतःसाठी. नाव आणि जन्मतारीख आधारवर आहे तशी घाला.

पुढे पत्ता निवडायचा. तो रोमन अक्षरांतच काढावा लागतो. आपल्या आईबापाने ठेवलेले नाव आपल्या लिपीत चालत नाही, हा आणखी एक अपमान, पण तो आज गिळा. मजकूर मात्र मराठीत लिहिता येतो, आणि लिहिण्याचा कंटाळा असेल तर कळपाटीवरच्या माइकचे चिन्ह दाबून मराठीत बोला, फोन लिहून घेतो. पत्ता साधा ठेवा, तोंडाने सांगता येईल असा. नाव, आडनाव आणि पाहिजे तर गावाचे नाव. आधार नंबर, मोबाईल नंबर, जन्मसाल पत्त्यात घालू नका. जीमेलमध्ये मधल्या टिंबाने फरक पडत नाही, पण एक अक्षर चुकले तर पत्र भलत्याच्या दारात जाते. म्हणून पत्ता मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

मग पासवर्ड. निदान आठ अक्षरे लागतात, पण आठावर थांबू नका. बैलाचे नाव किंवा पोराची जन्मतारीख घालू नका, ती साऱ्या गावाला ठाऊक असते. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द रोमन अक्षरांत जोडा आणि मध्ये एखादा आकडा घाला. वहीत लिहा आणि वही सातबारा-पासबुकाच्या पेटीत ठेवा. फोनच्या कव्हरमागे चिठ्ठी लावून फिरू नका. खोक्यावर दुकानदाराने पेनाने लिहिलेला पासवर्ड अजून चालू असेल तर तो आजच बदला.

फोन मोबाईल नंबर मागेल, तिथे स्वतःचा चालू नंबर द्या. इथे कोरडवाहू शेतकऱ्याने एक गोष्ट खास जपायची. हंगामात रिचार्ज आणि उन्हाळ्यात सिम बंद, ही आपली रीत. पण बंद झालेला नंबर नव्वद दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊ शकते. मग तुमच्या खात्याचा ओटीपी त्या अनोळखी माणसाला जाईल. सिम बदलले की त्याच दिवशी खात्यातला नंबर बदला.

नवे खाते झाले की फोन क्रमांकांची यादी आणि फोटो नव्या खात्यात आणा, आणि मगच जुने खाते फोनमधून काढा. उलट केले तर जुन्या खात्यात साठवलेले नंबर फोनमधून जातील. आणखी एक. 2015 पासूनच्या अँड्रॉइडमध्ये अशी सोय आहे की फोन बाहेरून पुसून नवा केला तर तो आधीच्या खात्याची ओळख मागतो. ही सोय चोरासाठी केली, पण पासवर्ड दुकानदाराकडे असेल तर फोनचा मालकच चोर ठरतो. फोन विकताना म्हणूनच आधी आपले खाते काढा.

खाते जिवंतही ठेवावे लागते. दोन वर्षे न वापरलेले खाते कंपनी पुसू शकते, 2023 च्या डिसेंबरपासून ते सुरूही झाले. फुकटची जागा 15 जीबी, त्यात फोटो, मेल आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप सारे आले. सकाळच्या शुभेच्छांच्या फुलांनी पेटी भरली तर कामाचे पत्र दारातून परत जाते.

घरचे आणि बाहेरचे आक्षेप

"कंपनी परदेशी आहे, आपली माहिती तिच्या हाती जाईल." बरोबर आहे. फुकट काही नसते, आपल्या माहितीवर ती जाहिराती विकते. म्हणून गरजेपुरतेच द्या. जिथे तिथे 'परवानगी आहे' दाबत सुटू नका. पण खाते तुमच्या फोनमध्ये आहेच. ते काढायचे की नाही, हा प्रश्न फोन घेतला त्या दिवशी संपला. ते कोणी चालवायचे, एवढाच प्रश्न उरला आहे.

"आम्हाला वाचता येत नाही." ज्याला वाचता येत नाही त्याने घरातल्या शिकलेल्या पोराला किंवा पोरीला शेजारी बसवावे. बोट मात्र स्वतःचे फिरवावे, आणि वही स्वतःच्या पेटीत ठेवावी. अंगठेबहाद्दर म्हणून ज्यांना हिणवले, त्यांनीच आपल्या वावराचा धुरा बोटभर सरकू दिला नाही.

"गावात रेंज नाही." मेल लिहून पाठवा म्हणून दाबा. रेंज येईल तेव्हा तो आपोआप जातो. तेवढ्यासाठी टेकडीवर चढायला नको.

"बायकांना कशाला?" कापूस कोण वेचतो? ज्वारी कोण खुडतो? सातबाऱ्यावर नाव लागलेल्या बाईच्या अर्जाचा ओटीपी पुतण्याच्या फोनवर जात असेल तर ती जमीन कागदावरच तिची. ज्या घरात बाईकडे फोन आहे, त्या घरात तिचे खाते वेगळे आणि किल्ली तिच्याकडे.

"फसवणूक होईल." होते. म्हणूनच शिकायचे. बँक, कृषी खाते, कोणीही ओटीपी विचारत नाही. पीएम-किसानच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली अ‍ॅपची फाईल उघडायची नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन करायचा. आणि हेही सांगून ठेवा की दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-क चा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

मागण्या आणि कार्यक्रम

बैठकीत पुढील मागण्यांवर चर्चा करून ठराव व्हावा.

एक, शेतकऱ्याच्या कोणत्याही अर्जात केंद्रचालकाचा ई-मेल किंवा मोबाईल घेतला जाऊ नये. एकच पत्ता दहा-वीस शेतकऱ्यांच्या अर्जांवर दिसला तर यंत्रणेने तो अडवावा.

दोन, प्रत्येक अर्जाची मराठीतली पोच शेतकऱ्याच्या मोबाईलवर जावी, ई-मेल असेल तर त्यावरही जावी, आणि मागितल्यास कागदावर मिळावी.

तीन, तालुका कृषी अधिकारी, बाजार समिती आणि खरेदी केंद्र यांचे ई-मेल पत्ते कार्यालयाच्या दारावर मोठ्या अक्षरात लावावेत, आणि आलेल्या मेलला आवक क्रमांक द्यावा. ज्या सरकारला शेतकरी 'ऑनलाइन' हवा, त्या सरकारचा साहेबही ऑनलाइन सापडला पाहिजे.

चार, ज्याला फोन परवडत नाही किंवा चालवता येत नाही, त्याचा माल आणि त्याचा अर्ज कागदावर घेण्याची सोय बंद करता येणार नाही. फोन नाही म्हणून हमीभाव नाही, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

सरकार मागण्या मान्य करील तेव्हा करील. आपले काम त्यासाठी अडत नाही. प्रत्येक गावातून दोन शिकलेली पोरे आणि दोन पोरी निवडा. येत्या अमावस्येच्या आत त्यांनी गावात घरोघर जाऊन ज्याचे खाते त्याच्याच हाताने उघडून द्यावे. त्यांनी पासवर्ड विचारायचा नाही, पासवर्ड घालताना तोंड फिरवून बसायचे. पैसे घ्यायचे नाहीत, चहा घ्यायला हरकत नाही.

आणि पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने एक काम करून यायचे. या हंगामाच्या बियाण्याच्या पावतीचा फोटो स्वतःला मेल करायचा, आणि दुसरा मेल आपल्या तालुका कृषी अधिकाऱ्याला करायचा. त्यात फक्त एवढेच विचारायचे की आमच्या मंडळातल्या बियाण्याच्या किती तक्रारी आल्या आणि किती वावरांत पाहणी झाली. उत्तर आले तर ते बैठकीत वाचू. नाही आले, तर कोणत्या तारखेला किती वाजता विचारले होते, ते प्रत्येकाच्या फोनमधून वाचू.